‘मीच ओढवून घेतलं’ म्हणून दुखणं अंगावर काढायचं का?

प्रश्न

इंदूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ते थोडक्यात देत आहे.

वय चाळीस. सासर आणि माहेर दोन्ही इंदूरचं. घरात नवरा, सासूबाई आणि पंधरा वर्षांची मुलगी. वजन ११२ किलोवर गेलं होतं, बीपीची गोळी चालू होती, जिने चढवत नव्हते, रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा. पावणेदोन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःची एफडी मोडली आणि दुसऱ्या शहरात जाऊन गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजन उतरवण्याचं ऑपरेशन, करून घेतलं. हे फक्त नवऱ्याला ठाऊक आहे. सासूबाईंना ‘पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन’ म्हणून सांगितलं. मुलीला आणि नातेवाइकांना सांगितलं, की रोजचं चालणं आणि डाएट यामुळे वजन उतरलं.

वर्षभरात वजन ६६ किलोवर आलं. बीपीची गोळी सुटली, घोरणं थांबलं, जो भेटेल तो कौतुक करू लागला. व्हिटॅमिनच्या गोळ्या कुणाला दिसू नयेत म्हणून त्या कपाटात साड्यांच्या मागे असायच्या. तब्येत छानच वाटत होती, म्हणून आठ-नऊ महिन्यांपूर्वी त्या बंद केल्या. तपासणीलाही परत गेल्या नाहीत.

आता गोड खाल्लं की तास-दीड तासाने हात कापायला लागतात, दरदरून घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. यंदा महालक्ष्मीच्या जेवणात आग्रहाखातर एक अख्खी पुरणपोळी आणि वर खिरीची वाटी घेतली. नंतर सवाष्णींना विडे देताना हातातलं तबक खाली पडलं. सासूबाईंनी साखरेचं पाणी पाजलं, बरं वाटलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. केस अजून गळताहेत. तळपायांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. मधूनच बेंबीच्या आसपास जोरात कळ येते, अर्धा-पाऊण तास राहते आणि निघून जाते. घराजवळच्या डॉक्टरांनी गॅसची गोळी दिली. त्यांनाही बायपासबद्दल सांगितलेलं नाही. एरवी मेडिकलमधून पेनकिलर आणून वेळ निभावली जाते. वजन चार किलो परत वाढलं आहे. मुलगी ‘आईसारखं बारीक व्हायचं’ म्हणून शाळेचा डबा तसाच परत आणते.

त्या लिहितात : ‘हे म्हणतात, मी नको म्हणत होतो, तूच हट्ट धरलास. खरंच आहे ते. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या हट्टाने ओढवून घेतलेल्या दुखण्याची तक्रार कोणत्या तोंडाने करू? ऑपरेशन उलटवून सगळं पहिल्यासारखं करता येतं का? की हे असंच सोसायचं? कधी कधी वाटतं, झोपावं आणि सकाळी उठूच नये.’

उत्तर

प्रिय ताई,

तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते. ‘उठूच नये’ असं वाटणं ही थकव्याने तोंडून निघालेली गोष्ट आहे, की मरणाचा विचार खरोखर मनात येतो? पत्रातून मला ते कळायला मार्ग नाही, म्हणून सरळ विचारते. तसा विचार येत असेल, तर आज रात्रीच नवऱ्याला किंवा बहिणीला तेवढंच सांगा आणि १४४१६ या टेलिमानस मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करा. तो सरकारी आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. वजनाच्या ऑपरेशननंतर काही जणांमध्ये नैराश्य आणि स्वतःला इजा करण्याचे विचार वाढतात, हे मोठ्या अभ्यासांतून दिसलं आहे. शिवाय बी-१२ खूप कमी झालं की त्याचाही मनावर परिणाम होतो. तेव्हा ‘बारीक होऊनही मी आनंदी नाही, म्हणजे मीच कृतघ्न’ असा अर्थ लावू नका. मन खचणं हेही तपासून घ्यायचं लक्षण आहे. डॉक्टरांसमोर पायांच्या मुंग्यांइतक्याच मोकळेपणाने ते सांगायचं.

आता ‘कोणत्या तोंडाने’ या प्रश्नाकडे येऊ. तुमच्या सगळ्या दुखण्यावर हा प्रश्न झाकणासारखा बसला आहे. दवाखान्यात न जाणं, डॉक्टरांपासून लपवणं, गोळ्या लपवणं आणि मग सोडणं, हे सगळं त्याच्यामुळे झालं. त्याच्या मुळाशी एक समजूत आहे : वजन कमी करणं हे मनाच्या निग्रहाचं काम होतं, ते मला जमलं नाही, म्हणून मी पैसे देऊन आडवाट धरली, आणि आता त्याची शिक्षा भोगते आहे.

ही समजूत वस्तुस्थितीला धरून नाही. वजन उतरलं की शरीर ते परत मिळवायला बघतं. भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचे संदेश देणारी संप्रेरकं घटतात, बसल्या जागी खर्च होणारी ऊर्जा कमी होते. म्हणूनच डाएट करून उतरलेलं वजन बहुतेकांच्या बाबतीत परत येतं. तुम्ही ११२ किलोवर पोचलात तेव्हा तुम्ही आळशी नव्हतात, आजारी होतात. बीपी होतं, झोपेत श्वास अडकत होता. त्या आजारावर जगभर मान्य असलेलं ऑपरेशन तुम्ही करून घेतलं. हृदयाची बायपास झालेल्या माणसाला छातीत दुखलं, तर ‘तूच सही केली होतीस’ असं कुणी ऐकवतं का? तो निमूटपणे आपल्या सर्जनकडे जातो. तुम्हीही जायचं आहे. निर्णय बरोबर होता का चूक, याचा विचार सवडीने करता येईल. तळपायांच्या मुंग्यांना तेवढी सवड नाही.

महालक्ष्मीच्या दिवशी नेमकं काय झालं ते आधी समजून घ्या, म्हणजे निम्मी भीती जाईल. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची अंड्याएवढी पिशवी करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग आणून तिला थेट जोडतात. बाकीचं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला राहतो. त्यामुळे पुरणातला गूळ आणि खिरीतली साखर जठरात न रेंगाळता आतड्यात उतरली. रक्तातली साखर एकदम चढली. तिला आवरायला शरीराने गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडलं आणि तास-दीड तासाने साखर गरजेपेक्षा खाली आली. हात कापणं, घाम, अंधारी हे त्याचंच. डॉक्टर याला ‘लेट डंपिंग’ म्हणतात. जेवल्यावर दहा मिनिटं ते अर्ध्या तासात पोटात मुरडा, धडधड आणि जुलाब होतात तो याचाच दुसरा प्रकार, ‘अर्ली डंपिंग’. सासूबाईंनी साखरपाणी दिलं ते त्या घटकेला योग्यच होतं. पण नुसत्या साखरेने साखर पुन्हा चढली, पुन्हा इन्सुलिन आलं आणि पुन्हा तेच चक्र फिरलं.

तुमच्या चार किलोंचं उत्तरही इथेच असू शकतं. दिवसातून दोन-तीन वेळा हात कापतात, दर वेळी तुम्ही बिस्किट, गूळ, चॉकलेट असं काही तोंडात टाकत असाल, आणि मनात म्हणत असाल की माझा तोंडावर ताबा नाही. तपासून पाहा. घरात एक ग्लुकोमीटर आणा आणि हात कापायला लागताच बोटाला टोचून आकडा वहीत लिहा; सोबत वेळ आणि त्याआधी काय खाल्लं तेही. आकडा ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, आणि सावरल्यावर लगेच मूठभर शेंगदाणे, पनीरचा तुकडा किंवा अंडं असं प्रथिनांचं काहीतरी खा, म्हणजे साखर परत घसरणार नाही. ५४च्या खाली आकडा येत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर आहाराच्या बदलांवर भागवू नका. त्यावर औषधं आहेत, डॉक्टर ती ठरवतील. आणि हे नीट आटोक्यात येईपर्यंत जेवणानंतरच्या दोन-तीन तासांत स्कूटी चालवू नका. इंदूरच्या रहदारीत अंधारी येणं म्हणजे तुमच्यासोबत रस्त्यावरच्या दुसऱ्याचाही जीव.

आता पाय. ही गोष्ट याच आठवड्यात करायची आहे. अन्नातलं बी-१२ शोषायला जठरातलं आम्ल आणि जठरातच तयार होणारा एक घटक लागतो. बायपासनंतर अन्न त्या भागातून जातच नाही. पण यकृतात बी-१२चा साठा असतो, तो हळूहळू संपतो. म्हणूनच गोळ्या बंद केल्यावर काही महिने तुम्हाला काहीच जाणवलं नाही आणि त्यांची गरजच नव्हती असं वाटलं. साठा संपला तेव्हा पायांनी सांगितलं. घरचं जेवण शाकाहारी असेल तर मुळात साठाच कमी असतो. बी-१२च्या कमतरतेने नसांना झालेली इजा लवकर उपचार झाले तर भरून येते, फार उशीर झाला तर काही अंशी कायमची राहते. थायामिन म्हणजे बी-१ आणि तांबं यांच्या कमतरतेनेही पाय असेच बधिर होतात, त्यामुळे अंदाजाने मेडिकलमधून ‘ताकदीची गोळी’ आणू नका. नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आतून नसांची इजा चालूच राहते. आधी तपासणीसाठी रक्त द्या, मग त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करायला डॉक्टरांची हरकत नसते.

रक्तात काय काय बघायचं तेही सांगते, कारण साध्या ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये यातलं बरंच नसतं : सीबीसी, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक), अल्ब्युमिन, झिंक, कॉपर, थायामिन आणि थायरॉइड. केसांचं उत्तर यातच सापडेल. ऑपरेशननंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळणं नेहमीचं आहे, ते पुढे थांबतं. पावणेदोन वर्षांनीही ते चालूच असतील तर लोह, झिंक, प्रथिनं किंवा थायरॉइड यांतलं काहीतरी कमी पडतंय.

गोळ्या आता आयुष्यभराच्या आहेत. हे वाईट बातमीसारखं ऐकू नका. चष्मा लागलेला माणूस रोज चष्मा घालतो तितकंच ते आहे. फक्त घ्यायची पद्धत समजून घ्या. कॅल्शियम सायट्रेट स्वरूपातलं विचारून घ्या, बायपासनंतर ते कार्बोनेटपेक्षा चांगलं शोषलं जातं, आणि दिवसाचा डोस दोन-तीन वेळांत विभागा. लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तास ठेवा. लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा नको. आणि त्या साड्यांच्या मागून काढून जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी आणून ठेवा. लपवलेली गोळी विसरली जाते.

ज्याने मला सर्वांत जास्त काळजी वाटली ते मात्र तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलं आहे. बेंबीजवळची येणारी-जाणारी कळ. बायपासमध्ये आतड्याची मांडणी बदलताना पोटातल्या पडद्यांमध्ये फटी तयार होतात. त्या शिवल्या तरी पुढे वजन उतरतं, तिथली चरबी घटते आणि फट पुन्हा उघडू शकते. त्यातून आतड्याचा वेढा आत सरकतो, कळ येते. सुटला की एकदम बरं वाटतं. याला अंतर्गत हर्निया म्हणतात आणि तो ऑपरेशननंतर काही वर्षांनीही होतो. एखाद्या वेळी वेढा सुटला नाही तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो, मग काही तासांचाच अवधी असतो. सोनोग्राफी यात बऱ्याचदा नॉर्मल येते. सीटी स्कॅन लागतो, आणि तोही बायपासची ओळख असलेल्या सर्जनने पाहिलेला बरा. तुमची कळ हर्नियाचीच असेल असं मी म्हणत नाही. झपाट्याने वजन उतरल्यावर पित्ताशयात खरोखरीचे खडे होतात, त्यानेही दुखतं. पेनकिलरने जोडाच्या जागी अल्सर होतो, त्यानेही. आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक असल्या गोळ्या बायपासनंतर टाळायच्याच असतात. त्या आजपासून बंद करा आणि दुखलं तर काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा. पण गॅसच्या गोळीवर आणखी महिने काढायचे नाहीत.

म्हणूनच तुमच्या गुपिताबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. आपल्या शरीराची गोष्ट कुणाला सांगावी, हा तुमचा हक्क आहे. भिशीतल्या बायकांना, नणंदेच्या सासरच्यांना, सराफ्यात भेटणाऱ्या ओळखीच्यांना काहीही सांगायची गरज नाही. ‘तब्येत सुधारली’ एवढं पुष्कळ झालं. पण समजा नवरा कामासाठी भोपाळला गेलाय आणि रात्री दोन वाजता तुम्हाला कळ आली, उलट्या सुरू झाल्या. तुम्हाला कॅज्युअल्टीत नेणाऱ्या सासूबाई आणि मुलगी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना काय सांगतील? ‘पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय.’ डॉक्टर त्या हिशेबाने उपचार करतील. नेहमीची पेनकिलर देतील, नाकातून अंदाजाने नळी घालतील, सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून सकाळपर्यंत थांबा म्हणतील. बरेच दिवस उलट्या झालेल्या बायपासच्या रुग्णाला थायामिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं, तर मेंदूला इजा होऊ शकते. थायामिन आधी द्यावं लागतं. ऑपरेशन झाल्याचं माहीतच नसेल तर हे कुणाला सुचणार? तुम्ही इभ्रतीसाठी जे झाकलं आहे, ते त्या रात्री जिवावर बेतू शकतं.

सासूबाईंना सांगताना माफी मागण्याच्या सुरात सांगू नका. सकाळी पूजा आटोपली की शेजारी बसा आणि म्हणा, ‘आई, माझं ते ऑपरेशन खड्यांचं नव्हतं, वजनासाठी आतड्याचं होतं. तेव्हा सांगायचा धीर झाला नाही. आता पोटात दुखतंय, तर तुम्हाला माहीत असायला हवं. गोड एकदम खाल्लं की मला चक्कर येते, म्हणून आग्रह करू नका, आणि मला काही झालं तर डॉक्टरांना ‘बायपास’ हा शब्द सांगा.’ त्या रागावतील, कदाचित दोन दिवस अबोला धरतील. पण तबक पडल्यावर धावत साखरपाणी घेऊन आल्या त्या त्याच आहेत, हे तुम्हीच लिहिलं आहे. शिवाय आग्रह करणाऱ्यांना अडवायला घरात सासूबाईंसारखं दुसरं कुणी नाही. ‘तिला नका वाढू’ हे त्यांनी म्हटलं की पंगतीत पुढे कुणी बोलत नाही.

पर्समध्ये एक चिठ्ठी आणि मोबाइलच्या बंद स्क्रीनवर दिसेल अशी ओळ ठेवा : गॅस्ट्रिक बायपास झाल्याचं महिना-वर्ष, सर्जनचा फोन, ‘ग्लुकोजआधी थायामिन’, ‘नाकातून नळी अंदाजाने घालू नये’, ‘ब्रुफेन-डायक्लोफेनॅक नको’.

मुलीबद्दल. इथे मी तुम्हाला थोडं कळकळीने सांगणार आहे, वाईट वाटून घेऊ नका. तिच्यासमोर एक बाई चाळीस-पंचेचाळीस किलोंनी बारीक झाली आणि तिला सांगण्यात आलं की हे चालून आणि कमी खाऊन झालं. ती आता तेच करते आहे. तिचं वजन आईसारखं उतरणार नाही, कारण तिच्या आईचं वजन तसं उतरलेलंच नाही. मग ती स्वतःबद्दल काय ठरवेल? तेच, जे तुम्ही पन्नास डाएट करून स्वतःबद्दल ठरवलं होतं : माझ्यातच निग्रह नाही. हा वारसा तिला द्यायचा नसेल तर तिला खरं सांगा, आणि सासूबाईंच्याही आधी सांगा. नुसतं एवढंच म्हणा, ‘मी तुला अर्धंच सांगितलं होतं. डाएट मी कितीदा तरी केलं, दर वेळी वजन परत आलं. शेवटी डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. लाज वाटली म्हणून बोलले नाही. तू उपाशी राहू नकोस, माझं वजन उपाशी राहून उतरलं नाही.’ ती चिडेल, ‘खोटं का बोललीस’ विचारेल. विचारू द्या. स्पष्टीकरणाची घाई करू नका, तिच्याजवळ बसून राहा.

डबा परत आला म्हणून ओरडू नका, पण लक्ष मात्र ठेवा. पाळी चुकणं, चक्कर, सतत थंडी वाजणं, जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ बसणं, रोज पुन्हा पुन्हा वजन करणं, यातलं काही दिसलं तर तिला बालरोगतज्ज्ञांकडे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. आणि घरात कुणाच्याही शरीरावर शेरा मारणं बंद करा; कौतुकाचा शेरासुद्धा. ‘आईसारखी बारीक हो’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना तिच्या देखत थांबवायचं काम तुमचं आणि तिच्या वडिलांचं.

त्यांच्याबद्दल थोडंच लिहिते. ‘मी नको म्हणत होतो’ हे वाक्य ऐकायला कठोर आहे, पण त्यामागे बहुधा भीती असते. बायकोला थरथरताना बघून काय करावं ते न सुचल्याची. त्यांना वादात ओढण्यापेक्षा काम सांगा. ‘सर्जनची अपॉइंटमेंट घ्या आणि माझ्यासोबत आत या, बाहेर बसू नका.’ डॉक्टरांच्या तोंडून हे सगळं ऐकल्यावर माणूस वेगळा वागतो. तरीही ते आत यायला तयार झाले नाहीत, तर बहिणीला न्या. त्यांच्यासाठी थांबू नका.

ऑपरेशन उलटवण्याचं विचारलं आहे. बायपास तांत्रिकदृष्ट्या उलटवता येतं, पण ते पहिल्यापेक्षा अवघड ऑपरेशन असतं, गुंतागुंतीचा धोका जास्त असतो आणि उतरलेलं वजन बहुतेक वेळा परत येतं. कितीही उपचार केले तरी कुपोषण थांबत नाही किंवा साखर घसरणं आटोक्यात येत नाही, अशा मोजक्या रुग्णांतच तो विचार होतो. तुमच्यावर तर अजून उपचारच झालेले नाहीत. आधी कमतरता भरून काढा, पोटातल्या कळेचं निदान करा, सहा महिने आहार बदलून पाहा. त्यानंतरही हाच प्रश्न उरला तर तो सर्जनसमोर मांडा. आत्ता तो मनातून बाजूला ठेवा, कारण थकलेल्या मनाला नेहमी सगळं एका झटक्यात संपवणारा उपाय हवा असतो.

सर्जन रागावतील ही भीती पत्रात लिहिलेली नाही, पण ती आहे असं वाटतं. ‘गोळ्या का सोडल्या?’ हे विचारतीलच. खरं उत्तर द्या. वर्षभराने तपासणीला न येणं इतकं नेहमीचं आहे की त्यांना त्याचं नवल वाटणार नाही. मूळच्या दवाखान्यात जायचं नसेल किंवा ते शहर लांब पडत असेल, तर इंदूरमध्येच हे ऑपरेशन करणारे सर्जन आहेत, त्यांच्याकडे जा. मात्र जुने कागद मागवून घ्या. डिस्चार्ज कार्ड आणि मुख्य म्हणजे ऑपरेशन नोट, कारण कुठला भाग कुठे जोडला आणि फटी शिवल्या होत्या का हे त्यातच असतं. २००२च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांप्रमाणे रुग्णाने कागद मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात. मात्र त्याच नियमांत कागद जपण्याची मुदत उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षांचीच आहे, म्हणून आताच लेखी अर्ज करा.

खाण्याचं. इंदूरात राहून सकाळी पोहे-जलेबी नको म्हणणं किती अवघड आहे हे मला कळतं. पण उपाशीपोटी पोहे आणि जलेबी म्हणजे तुमच्यासाठी महालक्ष्मीच्या दुपारचीच पुनरावृत्ती. क्रम बदला. ताटातलं प्रथिन आधी, मग भाजी, शेवटी पोळी किंवा भात. सकाळी आधी पनीर, अंडं किंवा मुगाचं धिरडं, मग दोन-चार चमचे पोहे, त्यात मोड आलेले मूग आणि शेंगदाणे जास्त. जिरावण मसाला घाला, त्याने काही बिघडत नाही आणि चव मात्र इंदूरची राहते. दाल-बाफले असतील तर घट्ट डाळ आधी संपवा, मग चतकोर बाफला. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात ६-७. नुसत्या वरणाने भागत नाही, म्हणून आहारतज्ज्ञाला प्रथिनांची पावडर विचारा. जेवणासोबत पाणी नको, अर्धा तास मागे-पुढे ठेवा. उसाचा रस, सरबत आणि आपली इंदुरी शिकंजी, म्हणजे आटवलेल्या दुधाची गोड शिकंजी, ही पातळ साखर सर्वांत वेगाने उतरते. तिच्यापेक्षा जेवणाच्या शेवटी मोदकाचा छोटा तुकडा परवडतो. प्रसाद नाकारावा लागत नाही, फक्त तो रिकाम्या पोटी घ्यायचा नाही.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांपैकी कुणाचं स्लीव्हचं, म्हणजे जठर कापून अरुंद करण्याचं, ऑपरेशन झालं असेल, तर तुमच्यात डंपिंग तुलनेने कमी, पण छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येणं जास्त; ते महिनोन्‌महिने अँटासिडवर ढकलू नका, एंडोस्कोपी करून घ्या. जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढलेला असतो, त्यामुळे ते उलटवता येत नाही. ऑपरेशन नुकतंच झालेल्यांनी पहिल्या काही आठवड्यांत ताप, नाडी जोरात पळणं, डाव्या खांद्यात दुखणं किंवा धाप लागणं यांपैकी काहीही झालं तर ताबडतोब सर्जनला फोन करायचा. मूल हवं असणाऱ्या तरुणींनी बारा ते अठरा महिने थांबायचं, आणि बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबून राहायचं नाही. मद्य घेणाऱ्यांना ते पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढतं, आणि पुढच्या वर्षांत व्यसनाचा धोका वाढतो.

ताई, पोटातली कळ आली आणि तासाभरात थांबली नाही, हिरवी उलटी झाली, शौचाला काळी झाली, एकाचे दोन दिसायला लागले किंवा चालताना तोल जायला लागला, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता १०८ला फोन करून मोठ्या रुग्णालयात जा. तसं काही झालं नाही तर उद्या सकाळी रक्ततपासणी, आणि याच आठवड्यात सर्जन. रिपोर्ट आल्यावर सर्जन काय म्हणाले आणि मुलगी काय म्हणाली, हे मला जरूर कळवा. मी वाट बघते.